नांगर उचलायची जागा

माझा स्वभाव संशयी आहे. लपवून उपयोग नाही, पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला माझ्या दारात आला की माप स्वतःहून उजेडात धरतो. गॅसवाला न सांगता सिलिंडर काट्यावर ठेवतो आणि आकडा दिसावा म्हणून बाजूला सरकतो. शाळेत शिकवत होते तेव्हा एखाद्या पोरीचं पोट दुखायला लागलं, की मी आधी विचारायची सकाळी काय खाल्लं, आणि लगेच विचारायची ते खाताना कोणी पाहिलं. घरी नवऱ्यानं कुठलीही बातमी आणली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोन कोन होतं तिथं?" नवरा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. जन्मभर न बोलणारे पेशंट सांभाळल्यामुळे आपल्याला तुझा त्रास होत नाही, असं तो म्हणतो. हे तो खरं बोलतो की नाही, याबद्दलही मला शंका आहे.

केळापूरच्या बाजूला आमचं वावर आहे. वरच्या अंगाला गहू-हरभऱ्याची जमीन आणि खाली नाल्याकाठी विहिरीपुरता तुकडा, असं ते दोन ठिकाणी विभागलेलं आहे. मध्ये चाचांचं वावर. चाचा म्हणजे गावातले मोटार-वाइंडिंगचे मिस्त्री. जळालेली मोटार त्यांच्याकडं न्यायची आणि दोन दिवसांनी चालू करून आणायची, हे सगळ्या पंचक्रोशीचं ठरलेलं. वडिलांची जमीन आहे म्हणून शेतीही करतात, आणि चांगली करतात. वयानं माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, पण मी शाळेतली म्हणून मला 'बाई' म्हणतात आणि कधी एकेरीवर आले नाहीत.

विहिरीचं पाणी वर आणायचं तर पाइपलाइन चाचांच्या वावराखालून न्यावी लागत होती. वीस वर्षांपूर्वी नवरा त्यांना विचारायला गेला तेव्हा चाचा मोटारीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "न्या ना. जमिनीखालून जाऊन राह्यलं, माह्या डोक्यावरून थोडीच जाते." झालं. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, असं कसं कोणी फुकटचं देईल? नवरा म्हणाला, दिलं ना. मनात मात्र ते राहिलं.

पाइप टाकला त्या दिवशी मी रजा घेऊन वावरात गेले होते. नवरा भोळा, मजूर दोन, आणि सांधे जोडायला स्वतः चाचा. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. आमच्याकडं प्लास्टिकच्या पाइपाचं तोंड रुंद करायची रीत अशी, की पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, कापूस निघाल्यावर उरलेली ती वाळकी झाडं चांगली धडाडून पेटतात, आणि त्यावर पाइपाचं टोक गोल गोल फिरवायचं. टोक मऊ पडलं की लगेच दुसरा पाइप आत दाबायचा आणि वर ओलं फडकं मारायचं. थंड झाल्यावर तो सांधा सुटत नाही. किती तापवायचं हे फक्त हाताला कळतं. मी दिवसभर त्या जाळाजवळ उन्हात उभी राहून एकेक सांधा डोळ्यांखालून घातला. आमच्या धुऱ्याजवळचे, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाजवळचे, शेवटचे सांधे तर मी अगदी बजावून पक्के करून घेतले. पुढं कित्येक वर्षं मी हे अभिमानानं सांगत असे.

अठरा वर्षं पाणी व्यवस्थित आलं. पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडायची. मग दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती बारीक झाली, आणि गेल्या हिवाळ्यात तर करंगळीएवढी उरली. गहू ओंबीवर येत होता. त्याला त्या दहा-बारा दिवसांत पाणी मिळालं नाही तर दाणा पोचट राहतो, हे शेतीत नवख्या माणसालाही कळतं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला लाइन, म्हणजे वीज, दिवसा होती, मोटार आठ तास चालायची आणि आठ तासांत दोन वाफेही भिजायचे नाहीत.

विहिरीत पाणी भरपूर होतं. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह काढून साफ केला. राहिली मोटार. मोटार चाचांनीच आदल्या वर्षी भरून दिलेली. मी नवऱ्याला न सांगता ती काढायला लावली आणि पांढरकवड्यातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं ती फिरवून पाहिली, कान लावला आणि म्हणाला, "ज्यानं भरली त्यानं लय मन लावून भरली, मॅडम. हिले काई झालं नाई." यावर खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, मोटारीत हात मारला नाही म्हणजे पाइपात मारला.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. चाचांच्या वावरात, आमच्या धुऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, चार खाटा मावतील एवढा तुकडा कधीच नांगरलेला नसायचा. ट्रॅक्टर तिथवर आला की ड्रायव्हर नांगर उचलायचा, तुकडा ओलांडायचा आणि पलीकडं परत टाकायचा. इतकी वर्षं मी ते पाहत होते, पण विचार केला नव्हता. सोन्यासारखी काळी जमीन कोणी अशी सोडतं का? त्या तुकड्यावर भर हिवाळ्यात गवत हिरवं असायचं. शेजारीच चाचांची वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तरारलेली असायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चाचा सकाळी वावरात आले की आधी त्या तुकड्यावर जाऊन उभे राहायचे. खाली वाकून मातीला हात लावायचे, मग कामाला लागायचे.

आमचा पाइप बरोबर त्या तुकड्याखालून जात होता.

माझ्या मनात सगळं चित्र तयार झालं. चाचांनी खाली खोदून पाइपाला टी बसवली होती, म्हणजे पाण्याला फाटा फोडणारा जोड. मिस्त्री माणसाला ते अर्ध्या तासाचं काम. वरून नांगर लागू नये म्हणून जागा राखून ठेवली होती. मी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता. म्हणाला, "चाचाले सोताचा बोर हाय. थे तुह्या विहिरीचं पानी कायले चोरतीन?"

"बोर आटला असन."

"मंग इचार ना त्यायले."

"चोराले इचारून काय भेटते?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला आणि शब्द जपून वापर, एवढंच म्हणाला. तो असं क्वचित बोलतो. मी जपून वापरायला हवे होते.

त्याच आठवड्यात मी गावातल्या गिरणीवर दळण घेऊन गेले. शहरातलं दळण मला पटत नाही, तिथं पिठात काय मिसळतात कोण जाणे, म्हणून वावरात गेले की मी गावच्या गिरणीवरच दळून आणते. तिथं पाच-सहा बाया होत्या. कोणीतरी विचारलं, बाई, गहू कसा हाय? आणि मी सांगितलं. चाचांचं नाव घेतलं नाही, पण "ज्यायच्या वावराखालून पाइप गेला त्यायनं" असं म्हणाले, आणि गावात सगळ्यांना पाइप कुठून गेला ते माहीत आहे. बायांनी डोळे मोठे केले. मला ऐकून घेणारं कोणी भेटलं याचं बरं वाटलं, हे कबूल करते. नांगर उचलतात तेही मी सांगितलं, हिरव्या गवताचंही सांगितलं, जणू शाळेत फळ्यावर गणित सोडवून दाखवत होते.

दोन दिवसांनी मला कॅमेऱ्याबद्दल कळलं. बोअरवेलमध्ये सोडायचा कॅमेरा मी पाहिला होता, पण आडव्या पाइपात ढकलायचाही असतो हे माहीत नव्हतं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक जण असं काम करतो, कारखान्यांचे पाइप पाहतो, राजूरकडंही जातो, असं समजलं. मी फोन केला. आपल्याला पुरावा मिळणार, या विचारानं मला त्या दिवशी जेवणही गोड लागलं.

कॅमेरावाला ठरल्याप्रमाणे सकाळी आला. तिशी-पस्तिशीतला, कमी बोलणारा माणूस. मोटरसायकलच्या मागं एक मोठं चाक बांधलेलं, त्यावर बोटाएवढी जाड पिवळी केबल गुंडाळलेली. केबलच्या टोकाला अंगठ्याएवढं लोखंडी डोकं, मध्ये काच आणि भोवती बारीक दिव्यांची कडी. एक पेटी उघडली तर आत टीव्हीसारखा पडदा. आत किती मीटर गेलो ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं, असं त्यानं सांगितलं.

नवरा, मी आणि तो धुऱ्यावर पोचलो तर चाचा आधीच तिथं उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर रुमाल, हात मागं बांधलेले. मी त्यांना कळवलं नव्हतं. नवऱ्यानं कळवलं असणार, कारण तो धुऱ्यावरच्या पळसाकडं बघत उभा राहिला.

"बाई," चाचा म्हणाले, "गिरणीवर काय बोलल्या, थे पोचलं माह्याजवळ."

मी कॅमेऱ्याच्या पेटीकडं पाहिलं.

"टाका कॅमेरा. माह्या वावरात जिथं खोदाचं तिथं खोदा. टी निघाली तं मी या वावरात पाय नाई ठेवत. पन नाई निघाली, तं तुमी जिथं बोलल्या तिथंच जाऊन बोला. गिरणीवर. दुसरं काई नको मले."

"बरं," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही. पण मनात मी म्हणत होते, एवढं ठासून बोलतोय म्हणजे यानं टी काल-परवाच काढून टाकली असणार.

धुऱ्यावर आमचा व्हॉल्व्ह होता. तो खोलला की पाइपाचं तोंड उघडं होत होतं. कॅमेरावाल्यानं डोकं फडक्यानं पुसलं आणि आत घालणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं.

"हे आताचंच दिसन, की पयले भरून ठेवलेलं?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मी माझा हात कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर माझी बोटं आली, अंगठी आली, नखात अडकलेलं पीठसुद्धा आलं. मी बोटं हलवली, पडद्यावर हलली. मग मी घड्याळ धरलं. काटे बरोबर होते. चाचा पुढं आले, त्यांनी आपलं तोंड कॅमेऱ्यापुढं धरलं आणि पडदाभर त्यांची दाढी पसरली. "झालं समाधान?" ते म्हणाले. नवऱ्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं.

"मॅडम, एक सांगू?" कॅमेरावाला केबल सोडता सोडता म्हणाला. "आजवर मले कोनी पाइप पाहाले नाई बोलावलं. सारे चोर पाहाले बोलावतेत."

"सापडतेत का?"

"कधी कधी. जास्त करून गाळच सापडते."

मला त्याचं बोलणं आवडलं नाही. कोणाच्या बाजूचा आहे हा, असं मनात आलं.

कॅमेरा आत सरकला. पाइपाचं आतलं अंग पांढुरकं, खाली मातीची पातळ रेघ, पुढं गोल काळोख. आकडे वाढत गेले. पाइप वीस फुटी, म्हणजे सहा मीटरला पहिला सांधा यायला हवा होता, आणि आला. गोल, स्वच्छ, बोट फिरवल्यासारखा. "मस्त सांधा हाय," कॅमेरावाला म्हणाला. पुढं एक बेडूक बसला होता. प्रकाश पडल्यावर त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि उलट्या पावली आत गेला. आम्ही चौघंही खाली वाकून त्या बेडकाकडं पाहत होतो.

अकरा मीटर. आता वर ती न नांगरलेली जागा होती. मला टी दिसायला हवी होती. गव्हासाठी नाही, माझं बोलणं खरं ठरावं म्हणून. हे तेव्हा मला कळत होतं आणि तरी मला तेच हवं होतं.

बाराव्या मीटरला पडदा भरून गेला. केस. विंचरल्यावर कंगव्यात राहतात तसे तपकिरी केसांचे पुंजके, अख्ख्या पाइपभर. कॅमेरावाल्यानं केबल मागंपुढं केली. "मुया हायेत," तो म्हणाला. "झाडाच्या. हा पळस असन नाई तं बाभूय." धुऱ्यावर पळस होताच. मुळांच्या मधून थोडंसं दिसत होतं. पाइपाची भिंत आत वळलेली, दुमडलेली, काळी पडलेली. पाण्याला जायला बोटभर वाट उरली होती.

"टी नाई," चाचा म्हणाले.

"मुयांच्या मांगं असन," मी म्हणाले.

नवऱ्यानं डोळे मिटले. कॅमेरावाल्यानं चाचांकडं पाहिलं. चाचांनी धुऱ्याला टेकवलेलं फावडं उचललं आणि त्या हिरव्या तुकड्याकडं चालायला लागले. "चला. पाहून घ्या मांगं काय हाय थे."

ते स्वतः खोदत होते. नवरा मदतीला गेला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. दोन वितींवर फावडं खणकन वाजलं. मी पुढं झाले. मला वाटलं, सापडलं. चाचा खाली बसले आणि हातानं माती बाजूला केली. खाली कवेलू होते, जुन्या घरावरचे मातीचे कवेलू, पालथे, एकाला एक लावून ठेवलेले. सात-आठ असतील. पाइपावर एखादं छप्पर घालावं तसे.

"हे कोनं ठेवले?" मी विचारलं.

"मी."

"काहून?"

चाचांनी एकेक कवेलू उचलून बाजूला ठेवला. खाली पाइप होता आणि पाइपावर सायकलच्या ट्यूबचे वेढे, घट्ट, एकावर एक. ट्यूब सोडल्यावर सांधा दिसला. वाकडा, फुगलेला, बाहेरूनही काळपट. त्यातून बारीक मुळी आत शिरली होती. मागं टी नव्हती. पुढंही नव्हती. पाइप सरळ खाली विहिरीकडं गेला होता.

"हा सांधा वयखता का, बाई?" चाचा म्हणाले.

आणि मी ओळखला.

त्या दिवशीची दुपार होती, वीस वर्षांपूर्वीची. पऱ्हाट्यांचा जाळ. चाचांनी टोक फिरवून काढलं होतं आणि म्हणाले होते, झालं. मला ते पटलं नाही. मला वाटलं, दुसऱ्याचं काम म्हणून घाई करतोय, स्वतःच्या वावरातला सांधा मुद्दाम कच्चा ठेवतोय. मी म्हणाले, "अजून तापवा." ते म्हणाले, "जयन, बाई." मी म्हणाले, "मी सांगते ना, अजून." त्यांनी परत जाळावर धरलं. प्लास्टिक काळं पडलं, वास सुटला, टोक आत वळलं. दुसरा पाइप त्यात कसाबसा कोंबला. तेव्हा चाचा म्हणाले होते, "हा बिघडला, हातभर कापून नव्यानं करतो." आणि मी विचारलं होतं, "कापलेला तुकडा कुठं जाइन?"

हो. मी ते विचारलं होतं. हातभर पाइपाच्या तुकड्यासाठी. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, सांधा तसाच खड्ड्यात ठेवला आणि माती ओढली. मी घरी येऊन सांगितलं, शेवटचे सांधे मी पक्के करून घेतले.

"थो टिकनार नाई हे मले त्याच दिवशी मालूम होतं," चाचा आता म्हणत होते. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "मांगून एक डाव येऊन मी ट्यूब गुंडायली, कवेलू ठेवले. वरून ट्रॅक्टर गेला तं फुटन, म्हनून डायवरले सांगतो, इथं नांगर उचल. रोज सकाई पाहातो, ओल वर आली का. थोडी झिरपतेच. म्हनून थे गवत."

"मले सांगतलं काहून नाई?"

चाचा जरा हसले. "तुमी काय म्हनल्या असत्या, बाई? हा माह्या पाइपापाशी काहून खोदून राह्यला, असंच ना?"

मी हेच म्हणाले असते, अगदी याच शब्दांत. लगेच फणकाऱ्यानं नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

वीस वर्षं एका माणसानं आपल्या जमिनीतला चार खाटांचा तुकडा माझ्या चुकीसाठी पडीक ठेवला होता, आणि मी तोच पुरावा म्हणून गिरणीवर मांडला होता. मी धुऱ्यावर जाऊन बसले आणि मला रडायला आलं. नवऱ्यानं पाण्याची बाटली दिली. कॅमेरावाला केबल गुंडाळत होता, अगदी हळू, म्हणजे तोंड फिरवायला त्याला निमित्त मिळावं.

चाचांनी त्याच दुपारी खराब भाग कापून नवा पाइप जोडला. पऱ्हाट्यांचा जाळ केला, टोक फिरवलं, आणि बाहेर काढायच्या आधी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. सांधा एका दमात बसला. मोटार लावली तेव्हा वर आमच्या वावरात मनगटाएवढी धार पडली. गहू वाचला. कापलेला काळा तुकडा चाचांनी धुऱ्यावर माझ्यापुढं ठेवला. तो मी घरी आणला आहे.

गिरणीवर जायचं राहिलं होतं. नवरा म्हणाला, मी येतो सोबत. मी नको म्हणाले. त्या दिवशी मुद्दाम गर्दीची वेळ निवडली. गिरणी चालू असताना बोललं तर ऐकू जाणार नाही, म्हणून पट्टा थांबेपर्यंत उभी राहिले. मग म्हणाले, "मांगच्या खेपेले मी बोलली थे खोटं होतं. चाचानं पानी नाई चोरलं. सांधा माह्यानंच बिघडला होता, आन् वरून कवेलू झाकून वीस वर्सं त्यायनंच सांभायला. कॅमेरा टाकून पाहिलं. मी चुकली."

मग गव्हाचा डबा घेऊन बसलेल्या एका बाईनं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. म्हणाली, "बाई, तुमी भोया आहा. थो कॅमेरावाला त्यायच्याच ओयखीचा असन. थोबी मिस्त्री, हेबी मिस्त्री."

दुसरी म्हणाली, "आन् काहीच नव्हतं तं एवढे कवेलू कायले झाकाचे?"

मी तिथं अर्धा तास भांडले. हात दाखवला, घड्याळ दाखवलं, बेडूक सांगितला, मुळ्या सांगितल्या. जेवढं जास्त सांगत होते तेवढ्या त्या एकमेकींकडं पाहत होत्या. गिरणीवाल्यानं शेवटी पट्टा चालू केला आणि माझा आवाज त्यात गेला. त्या बायांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मागच्या खेपेला मीच तर त्यांना शिकवून गेले होते.

परत येताना वावरात गेले. चाचा त्या तुकड्यावर होते. खड्डा भरून झाला होता, ते गवत काढून जागा सपाट करत होते. आता नांगर उचलायचं कारण उरलं नव्हतं. कवेलू एका बाजूला रचून ठेवले होते.

"बोलल्या?" त्यांनी विचारलं.

"बोलली."

"काय म्हनले लोक?"

"काई नाई," मी म्हणाले. "आयकून घेतलं. समजलं त्यायले."

चाचांचं फावडं थांबलं. त्यांनी सरळ होऊन माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं असं कधीच पाहिलं नव्हतं.

"कोन कोन होतं तिथं, बाई?" ते म्हणाले.

मी धुऱ्यावर बसले आणि एकेकीचं नाव सांगायला लागले.